खालचं स्वयंपाकघर

माझ्या सासऱ्यांच्या घरात दोन स्वयंपाकघरं होती. वरच्या मजल्यावरचं पाहुण्यांच्या नजरेसाठी: पांढरी कपाटं, घासून लख्ख केलेली शेगडी, टेबलावर फळांची परडी. खरं स्वयंपाकघर तळघरात. तिथे सहा तोंडांची जुनी गॅसची शेगडी, सिमेंटचं खोल सिंक, तुळईला टांगलेल्या लसणाच्या माळा, भिंतीशी टोमॅटोच्या बरण्यांची फडताळं आणि मधोमध जुन्या दारांच्या फळ्या जोडून केलेलं लांबलचक टेबल. सगळे सण तिथेच शिजत आणि तिथेच जेवले जात. न्यू जर्सीतल्या बेलव्हिल, नटली, ब्लूमफिल्ड या गावांमधल्या जुन्या इटालियन घरांत अशी जोडीची स्वयंपाकघरं आजही दिसतात. तळणीचा वास वर जाऊ नये, उन्हाळ्यात राहतं घर तापू नये, घरातली सगळी माणसं एकाच वेळी कामाला लागली तरी एकमेकांच्या पायात येऊ नयेत, अशी ती सोय.

सासरे २०१८ च्या ऑक्टोबरात गेले, ८७ वर्षांचे होऊन. पेशाने गवंडी. विटांची धुराडी, दगडी पायऱ्या, बागांच्या भिंती यांत त्यांचं आयुष्य गेलं. अमेरिकेतल्या इटालियन माणसाचं जे चित्र ‘गॉडफादर’सारख्या सिनेमांतून आपल्याकडे पोचलं, त्यात असा माणूस कुठेच दिसत नाही, म्हणून त्यांच्याविषयी लिहावंसं वाटलं. दुसरं कारण माझ्या अधिक जवळचं आहे. परंपरा, वारसा असल्या विषयांवर ते कधी एक वाक्य बोलले नाहीत. कोणत्या महिन्यात कोणतं काम काढायचं, कशाला किती दिवस आधी हात घालायचा आणि ते कोणाकोणासाठी, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या घराचं इटालियनपण टिकलं ते या आधीच्या कामांमुळे, ताटं मांडली जाण्याच्या कितीतरी आधी, असं मला त्यांच्याजवळ राहून ठामपणे वाटत आलं आहे.

त्यांचे वडील १९१३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी तेओरा गावाहून निघाले. तेओरा नेपल्सच्या पूर्वेला, अव्हेल्लिनो प्रांतात, डोंगरात आहे. १८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले, आणि त्यांतले बहुसंख्य अशाच दक्षिणेकडच्या खेड्यांमधले होते. तिथे जमिनीचे तुकडे लहान, खंड भारी, कर त्याहून भारी. पुष्कळ जण चार पैसे गाठीला बांधून परत जायच्या बोलीनेच येत, आणि खरोखरच फार मोठ्या संख्येने परत गेलेही. १९२४ च्या कायद्याने मात्र इटलीसाठी वर्षाला ४ हजारांहून कमी जागा ठेवल्या आणि दार जवळजवळ बंद झालं. सासऱ्यांची आई त्याच्या आदल्याच वर्षी आली. आली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे ते नातवंडांना दरवर्षी सांगत.

नेवार्क शहरातल्या ‘फर्स्ट वॉर्ड’ नावाच्या वस्तीत दोघांनी संसार मांडला. अव्हेल्लिनोच्या आसपासच्या डोंगरी गावांतले लोक तिथे गावागावाने एकत्र राहत. एकाने यायचं, काम धरायचं, मग भावाला बोलवायचं, भावाने मेहुण्याला. त्यामुळे जिन्यात भेटणारा माणूस बहुधा गावाकडच्या शेजाऱ्याचा कोणीतरी असे. सेव्हन्थ ॲव्हेन्यूवर बेकऱ्या, चीजवाले, वाजंत्री पथकं, गावोगावच्या मंडळांच्या खोल्या. १८९१ मध्ये स्थापन झालेलं सेंट लुसीज चर्च हे त्या सगळ्याचं केंद्र. ‘फोर सीझन्स’ या पॉप गटाचा गायक फ्रँकी व्हॅली १९३४ मध्ये याच वॉर्डात जन्मला. सासरे त्याच्याहून तीन वर्षांनी मोठे. तीन खोल्यांत आठ माणसं, आणि अंगणाच्या कोपऱ्यात एक अंजिराचं झाड, असं त्यांच्या बालपणाचं वर्णन सासूबाई करत. ते स्वतः फक्त झाडाबद्दल बोलत.

त्यांच्या मुलांना इटालियन का येत नाही, हा प्रश्न मला सुरुवातीला फार पडे. माझी मुलगी मोडकंतोडकं का होईना मराठी बोलावी म्हणून माझा जीव चाललेला, आणि इथे सासरे-सासूबाई अव्हेल्लिनोकडच्या बोलीत बोलायचे ते फक्त मुलांना कळू नये असं काही असलं तर. कारण मला थोरल्या नणंदेकडून समजलं. १९४२ मध्ये अमेरिका आणि इटली एकमेकांविरुद्ध युद्धात होते. नागरिकत्व न घेतलेले सुमारे ६ लाख इटालियन सरकारदरबारी ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले. सासऱ्यांची आई त्यांतली एक. तिला नोंदणीला जावं लागलं, फोटो आणि बोटाचा ठसा असलेली पुस्तिका बाळगावी लागली. घरातला शॉर्टवेव्ह रेडिओ जमा करावा लागला. शत्रूची भाषा बोलू नका, अमेरिकन बोला, अशी भित्तिपत्रकं तेव्हा लागली होती. सासरे ११ वर्षांचे होते आणि पुस्तिका काढायला आईचा हात धरून तेच गेले होते, कारण तिला इंग्रजी येत नव्हतं.

त्याच वेळी थोरला भाऊ अमेरिकेच्या सैन्यात होता. १२ ऑक्टोबर १९४२ ला, कोलंबस दिनी, इटालियनांवरचा तो शिक्का सरकारने काढून टाकला. पुढच्या वर्षी सप्टेंबरात दोस्त सैन्य सालेर्नोच्या किनाऱ्यावर उतरलं आणि त्याच आठवड्यात दोस्तांच्या विमानांनी अव्हेल्लिनो शहरावर बाँब टाकले. हजारो माणसं गेली. भाऊ त्या सैन्यात, आणि आजी अव्हेल्लिनोच्या पलीकडच्या डोंगरात. घरात या विषयावर कोणी तोंड उघडलं नाही. घराबाहेर इटालियन बोलणं तेव्हापासून बंद झालं ते झालंच. मुलांना भाषा द्यायची नाही हे कोणी ठरवलं नसावं, पण दिली गेली नाही. तळघरातला स्वयंपाक मात्र कोणाला ऐकू जात नव्हता.

दुसरा घाव १९५० च्या दशकात बसला. शहराच्या पुनर्विकास योजनेत फर्स्ट वॉर्डाचा गाभाच पाडला गेला आणि तिथे सरकारी घरांचे उंच मनोरे उभे राहिले. नाव दिलं ‘कोलंबस होम्स’. पुढे तेही मोडकळीला आले आणि १९९० च्या दशकात पाडून टाकावे लागले. एका पिढीने उभी केलेली वस्ती पुढच्या पिढीच्या तरुणपणीच नाहीशी झाली. कुटुंबं बेलव्हिल, नटली, ब्लूमफिल्डला पांगली. सासरे तेव्हा कोरियन युद्धाच्या काळातली लष्करी नोकरी संपवून आले होते, नुकतं लग्न झालं होतं. पाडकाम चालू असताना ते मातीच्या ढिगांमध्ये गेले, अंगणातल्या अंजिराच्या काही फांद्या कापल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले. बेलव्हिलचं घर घेतल्यावर पहिलं काम केलं ते ती कलमं लावण्याचं. तळघर त्यानंतर.

न्यू जर्सीत हिवाळ्यात पारा शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत उतरतो. अंजीर हे भूमध्य समुद्राकाठचं झाड, त्याला ही थंडी सोसत नाही. म्हणून नोव्हेंबरात पानं गळाली की त्याला बांधून ठेवायचं. फांद्या दोरीने एकत्र आवळायच्या, भोवती गोणपाट, जुन्या सतरंज्या, वर डांबरी कागद, मध्ये वाळलेली पानं ठासायची, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून डोक्यावर बालदी उपडी घालायची. काही जण एका बाजूची मुळं तोडून झाड आडवं करतात आणि चरात पुरून वर माती लोटतात. मार्चच्या शेवटी किंवा ईस्टरच्या सुमाराला ते उघडायचं. उत्तर न्यू जर्सीत डिसेंबरात मोटारीतून जाताना एखाद्या परसात बालदी घातलेला उंच बुचका दिसला की ते घर इटालियन, हे सांगायला पाटी लागत नाही.

सासऱ्यांनी या एका झाडाची किती झाडं केली असतील ते मोजणं कठीण आहे. ज्या मुलाने किंवा मुलीने घर घेतलं त्याला पहिली भेट कलमाची. आमच्या एडिसन गावातल्या घरी त्यांनी ते स्वतः आणून लावलं. जागा निवडायला तासभर घेतला: दक्षिणेकडचं ऊन हवं, पाठीशी विटांची भिंत हवी. आमच्याकडे तशी भिंत नव्हती. पुढच्या शनिवारी ते थापी, ओळंबा आणि सिमेंट घेऊन आले आणि केवळ त्या झाडासाठी छातीएवढी भिंत बांधून गेले. चहासुद्धा भिंत पुरी झाल्यावर घेतला.

ऑगस्टच्या अखेरीस टोमॅटो. आमच्या कोकणात आगोटीला पावसाळ्याची बेगमी करतात, मिरच्या-मसाले-सुकं मासळीने घर भरतात, तशी ही हिवाळ्याची बेगमी. लांबट, गराचे टोमॅटो टोपल्यांनी यायचे. धुवायचे, चिरायचे, हाताने फिरवायच्या यंत्रातून काढायचे. साल आणि बिया एकीकडे, दाट रस एकीकडे. प्रत्येक बरणीत तुळशीच्या जातीचं, पण वेगळ्या वासाचं बेझिलचं एक पान. बरण्या परसातल्या लोखंडी पिंपात, विस्तवावर, मध्ये चिंध्या कोंबून उकळायच्या म्हणजे एकमेकींवर आदळून फुटत नाहीत. पहाटे पाचला सुरू झालेलं काम संध्याकाळपर्यंत चाले. कामाची वाटणी वयाने ठरे. पाच वर्षांच्या पोराने पानं टाकायची, दहा वर्षांच्याने यंत्र फिरवायचं, विस्तवाजवळ फक्त सासरे. यायला जमणार नाही म्हणून सांगणाऱ्याला ते रागावत नसत. हिवाळ्यात त्याच्या वाट्याच्या बरण्या मात्र नेमक्या पोचत्या करत.

सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं. कॅलिफोर्नियाहून झिनफँडेल आणि आलिकांते जातीच्या द्राक्षांच्या पेट्या येत, एकेक पेटी ३६ पौंडांची, म्हणजे सुमारे १६ किलोंची. आलिकांतेची साल जाड, त्यामुळे लांबचा प्रवास सोसते, आणि तिचा गरही लाल असतो. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात ही द्राक्षं रेल्वेने पूर्व किनाऱ्यावर भरभरून येत, कारण घरच्यासाठी फळांचा रस करायला कायद्यात वाट ठेवली होती. आजही दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर वाईन विनाकर करता येते. सासरे त्याच्या निम्मीही करत नसत. द्राक्षं चिरडून पिंपात ठेवायची, साली फसफसून वर येतात त्या दिवसातून दोनदा लाकडी दांड्याने खाली दाबायच्या, आठवड्याभराने चोथा लाकडी दाबाखाली पिळायचा, आणि रस काचेच्या मोठ्या बुधल्यांत भरायचा. ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, पहिला घोट. तो अजून आंबटच असे. त्यांनी साखर कधी घातली नाही, आणि जो घालतो त्याच्याबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं.

पण सगळ्या वर्षाचा कळस २४ डिसेंबरची रात्र. जुन्या रीतीप्रमाणे ख्रिसमसच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य, म्हणून मासे. अमेरिकेतल्या इटालियनांमध्ये ही ‘सात माशांची मेजवानी’ म्हणून ओळखली जाते. सातच का, याचं उत्तर घरोघर वेगळं मिळतं. कोणी चर्चचे सात संस्कार सांगतो, कोणी सृष्टीचे सात दिवस, आणि कित्येक घरांत सात सोडून नऊ, अकरा किंवा तेरा प्रकार असतात. आमच्याकडे जितकी मोठी माणसं हयात तितके प्रकार करावेत असा सासऱ्यांचा कल होता, आणि सासूबाई दरवर्षी सातवर आणून थांबवत.

या जेवणाचा कणा म्हणजे बकाला, खारवून वाळवलेला कॉड मासा. अव्हेल्लिनो समुद्रापासून आत, डोंगरात. ताजी मासळी तिथे पोचेपर्यंत सडे. उपवासाच्या दिवसांना मासा तर हवाच, म्हणून उत्तर अटलांटिकमध्ये पकडून मिठात मुरवलेला कॉड शेकडो वर्षं या डोंगरांत जात आला. १९९२ मध्ये कॅनडाने न्यूफाउंडलंडकडची कॉडची मासेमारी थांबवली, कारण मासाच संपत आला होता. त्यानंतर गरिबांचा हा मासा महागला. सासरे त्या वर्षांत किंमत ऐकून दुकानात गप्प उभे राहत आणि मग नेहमीइतकाच घेत.

२१ तारखेला तो तळघरातल्या सिंकमध्ये पाण्यात पडायचा. सकाळ, दुपार, रात्र पाणी बदलायचं. मीठ उतरलं की नाही हे ते कच्चाच तुकडा जिभेवर ठेवून बघत. मी वेंगुर्ल्याची. सुक्या बांगड्याच्या, खाऱ्याच्या वासात वाढलेली. लग्नानंतरच्या पहिल्या ख्रिसमसला तळघराचा जिना उतरताना तो वास आला आणि दूरदेशात आल्यापासून पहिल्यांदा मला मोकळं वाटलं. इतर सुना नाक धरून वर थांबल्या होत्या. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, “झालं?” मी म्हटलं, “अजून एक पाणी.” त्यांनी मान डोलावली आणि पाणी बदललं. त्या वर्षापासून चाखायला दोन माणसं झाली.

बकालाचं अर्धं तळायचं, अर्धं उकडून ऑलिव्ह, लसूण, व्हिनेगरमधल्या लाल मिरच्या घालून गार ठेवायचं. त्याशिवाय स्मेल्ट नावाचे बोटभर मासे पिठात घोळवून, टोमॅटोच्या रसात शिजवलेली माकुलं, तिसऱ्या घातलेली लिंग्विनी, कोळंबी, ऑक्टोपसचं कोशिंबिरीसारखं काहीतरी, आणि वाम. वाम जिवंत आणायची अशी रीत. ती नातवंडांच्या किंकाळ्यांत बादलीतून बाहेर पडे आणि सासरे तिला मिठाच्या हाताने पकडत. शेवटी स्त्रुफोली: पिठाच्या बोराएवढ्या गोळ्या तळून मधात घोळवलेल्या, वर रंगीत बडीशेपेसारखे साखरेचे दाणे. रात्री अकरा वाजता सगळे मध्यरात्रीच्या प्रार्थनेला निघायचे. मी घरी थांबून भांडी आवरायची तयारी दाखवली तर ते म्हणायचे, भांडी उद्याही असतील, कोट घाल.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २३ नोव्हेंबर १९८० ला त्या डोंगराळ मुलखात मोठा भूकंप झाला. सुमारे ३ हजार माणसं दगावली, तेओरा जवळजवळ जमीनदोस्त झालं. नेवार्क-बेलव्हिलच्या लोकांनी कपडे, पैसे, ब्लँकेटं गोळा केली. सासऱ्यांनी हिवाळ्याची बेकारी चालू असताना बँकेतले पैसे काढून दिले. दोन-तीन वर्षांनी ते आयुष्यात पहिल्यांदा वडिलांच्या गावी गेले. नातेवाईक तात्पुरत्या बांधलेल्या घरांत राहत होते. त्यांनी प्रेमाने जेवू घातलं. हाताने वळलेला पास्ता, घेवड्याची आमटी, रानातल्या भाज्या. मांसाचे गोळे घातलेली स्पॅगेटी त्यांना माहीत नव्हती. ‘सात मासे’ हे नावही त्यांनी ऐकलं नव्हतं. बकाला मात्र होता.

या गोष्टीने सासरे खट्टू झाले असतील असं मला वाटे. तसं नव्हतं. इतिहासकार हासिया डायनर यांनी ‘हंगरिंग फॉर अमेरिका’ या २००१ च्या पुस्तकात दाखवलं आहे की हे लोक निघाले तेव्हा गावाकडे मांस, पांढरा पाव, चांगलं चीज हे जमीनदारांच्या घरचं अन्न होतं. अमेरिकेत मजुरीचे पैसे हातात येऊ लागल्यावर त्यांनी ते स्वतःच्या टेबलावर आणलं. म्हणजे जे अन्न आज इटालियन अमेरिकनांचं पिढीजात म्हणून ओळखलं जातं, त्यातलं पुष्कळसं त्यांच्या आजोबांना फक्त लांबून दिसलेलं होतं. सासऱ्यांनी हे पुस्तक वाचलं नाही, पण गावाहून परतल्यावर ते मुलांना म्हणाले होते की माझा बाप जे उपाशीपणी मनात धरून बोटीत चढला, ते आपण दर रविवारी खातो. हे मला नवऱ्याने सांगितलं, आणि त्यानंतर रविवारचं जेवण माझ्यासाठी वेगळं झालं.

रविवारी सासरे सहाला उठत. मांसाचे गोळे तळून ठेवत, डुकराच्या बरगड्या, सॉसेज आणि मसाला भरून गुंडाळलेल्या मांसाच्या वळकट्या टोमॅटोच्या बरण्यांसकट मोठ्या पातेल्यात सोडत. चर्चहून परत येईपर्यंत ते मंद आचेवर रटरटत राही. दुपारी दोनला जेवण. आधी रसातली मॅकरोनी, मग वेगळ्या ताटात मांस, मग कोशिंबीर, मग फळं, अक्रोड, कॉफी. धाकटी नणंद नर्स होती आणि रविवारची पाळी पुष्कळदा तिच्यावर येई. तेव्हा ते झाकणाच्या डब्यात तिचं जेवण घेऊन रुग्णालयाच्या गाडीतळावर जाऊन बसत. तिला सुटी कधी मिळेल याचा नेम नसे. ती यायची, गाडीत बसून जेवायची, डबा परत द्यायची. तिला चार घास खाताना बघून मगच ते घरी येऊन जेवत.

थंडीत चुना-सिमेंट नीट धरत नाही, त्यामुळे जानेवारी ते मार्च गवंड्याला काम नसे. ते महिने त्यांनी मुलांना दिले. शाळेत सोडणं, आणणं, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी मिरच्या-अंड्यांची सँडविचं करून देणं. पुढे सासूबाईंना विस्मरणाचा आजार झाला तेव्हा त्यांनी बाहेरची बाई ठेवू दिली नाही. बारीक ताऱ्यांच्या आकाराची पास्तिना दुधात शिजवून, लोणी आणि अंडं घालून ते चमच्याने भरवत. त्या सगळ्यांची नावं विसरल्या होत्या. बोली मात्र परत आली होती. तेव्हा मला पहिल्यांदा ते दोघं तासन्‌तास त्या बोलीत बोलताना ऐकायला मिळाले, आणि आता ते कोणापासून काही लपवण्यासाठी नव्हतं.

या घरातल्या देवधर्माबद्दल थोडं. सेंट लुसीज चर्चमध्ये दरवर्षी ऑक्टोबरात संत जेरार्ड मायेल्ला यांची यात्रा भरते. हे शिंप्याचे पुत्र, १७२६ मध्ये मुरो लुकानो गावात जन्मले आणि अव्हेल्लिनोच्याच मुलखात १६ ऑक्टोबर १७५५ ला क्षयाने गेले, अवघे २९ वर्षांचे. गरोदर बायांचे ते रक्षणकर्ते. कथा अशी की त्यांचा राहिलेला रुमाल एका मुलीने जपून ठेवला आणि पुढे अडलेल्या बाळंतपणात तिला त्याचा उपयोग झाला. नेवार्कमधल्या लोकांनी त्यांची यात्रा १८९९ पासून सुरू केली. चर्चने त्यांना संत म्हणून जाहीर केलं ते १९०४ मध्ये. पाडून टाकलेल्या वस्तीत चर्च तेवढं उरलं, आणि त्या दिवसांत पांगलेले सगळे तिथे परत येतात. मूर्ती खांद्यावर निघते, तिच्यावर नोटांचे झगे चढवलेले असतात, बँड वाजतो.

मला दिवस राहिले तेव्हा सासऱ्यांनी तिथून मंतरलेला रुमाल आणला. मी हिंदू, चर्चमध्ये न जाणारी. त्यांनी मला काही समजावलं नाही, अट घातली नाही. घडी करून उशीखाली ठेव, एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात वेंगुर्ल्याहून आईने सातेरीदेवीचा अंगारा पाठवला होता. तो कागदाच्या पुडीत होता. सासऱ्यांनी ती पुडीही उशीखालीच ठेवायला सांगितली.

त्यांच्या अंत्यदर्शनाला दोन दिवस, दुपारी आणि रात्री, माणसांची रांग रस्त्यापर्यंत होती. उघड्या पेटीजवळ गुडघे टेकायचे, मग ओळीने उभ्या असलेल्या घरच्या माणसांना भेटायचं, अशी रीत. येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगून जाई. एका म्हाताऱ्याने सांगितलं की त्याच्या विधवा आईचं धुराडं त्यांनी दोन वेळा बांधून दिलं आणि मजुरी म्हणून वांगी मागितली. दुसऱ्या एका बाईच्या परसात त्यांनी दिलेलं अंजीर होतं. ती ना नात्याची, ना इटालियन. त्यांना पुरलं नॉर्थ आर्लिंग्टनच्या होली क्रॉस दफनभूमीत, सासूबाईंशेजारी. त्या आधी गेल्यापासून दर रविवारी, पातेलं चढवून आणि चर्चला जायच्या आधी, ते तिथे जाऊन येत असत.

कामं आता वाटली गेली आहेत. द्राक्षांचा लाकडी दाब दिराच्या गॅरेजमध्ये आहे आणि त्याचा मुलगा, जो संगणकावर काम करतो, तो दरवर्षी थोडी पण बिनसाखरेची वाईन करतो. टोमॅटोचा दिवस थोरल्या नणंदेकडे. पिंपाजवळ आता माझा नवरा उभा असतो. वाम कोणी आणत नाही, नातवंडांनी आवाज उठवून ती बंद पाडली. अंजिराच्या बांधाबांधीला माझी मुलगी कॉलेजातून मुद्दाम येते, आणि भिंतीच्या पलीकडच्या तेलुगू शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी तिच्याकडून कलम नेलं. बकाला धाकट्या नणंदेच्या घरी भिजतो. ती तीन दिवसांच्या जागी चार दिवस भिजवते आणि मग तो फार अळणी होतो, यावरून आमचा दरवर्षी वाद होतो. यंदा तो २१ तारखेलाच पाण्यात घालायचा असं ठरलं आहे, आणि चाखायला मी आदल्या रात्रीच जाऊन राहणार आहे.